तंबाखूखालची मोटार

धर्मराज सरांच्या दारात परदेशी मोटार येऊन बंद पडली, तेव्हा गल्लीला आनंद झाला आणि सरांना काळजी लागली.

मोटार आकाशी रंगाची होती, गल्लीत वळायला जागा पुरू नये इतकी लांब होती आणि तिचं स्टिअरिंगचं चाक डावीकडं होतं. ती आणली होती सरांच्या मेहुण्यानं, अण्णाप्पानं. कुवेतला विजेची कामं करून तो कायमचा गावी परतत होता. मोटार मुंबईला बोटीतून उतरली आणि तिथून तो ती स्वतः चालवत निघाला. डाव्या बाजूला बसून पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरचं काही दिसेना, म्हणून पुण्यापासून निपाणीपर्यंत तो एका ट्रकच्या मागून निमूट आला होता. ट्रकवाला चहाला थांबला की हाही थांबायचा. काकतीला, आपल्या गावी, जाण्याआधी बहिणीला मोटार दाखवावी म्हणून तो निपाणीत वळला आणि दारातच मोटारीनं एक उसासा टाकून मान टाकली.

"दाजी, हात करा हिकडं," घरात आल्या आल्या अण्णाप्पा म्हणाला, आणि त्यानं सरांच्या मनगटावर एक सोनेरी घड्याळ चढवलं. बहिणीला, शेवंताला, त्यानं साडी दिली. सरांच्या आईला, गंगव्वाला, एक ब्लँकेट दिलं. फेब्रुवारीच्या उन्हात गंगव्वा ते पांघरूनच बसली.

सर निपाणीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. घड्याळाकडे दोनतीनदा बघून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "मोटार केवढ्याला पडली रं?"

"तिकडं व्हय? तुमच्या हितल्या जुन्या अँबॅसिडरच्या किमतीत आली बघा."

"आणि आयात कर?"

अण्णाप्पानं स्वयंपाकघराकडं पाहिलं. तिथं शेवंता चहा करत होती. "आक्का, चहात आलं घाल गं जरा," तो मोठ्यानं म्हणाला.

"घातलंय. तुझा खडेबाजारातला दुकानगाळा कवा घ्यायचा ठरलाय? आईनं काकतीत समद्यास्नी सांगून ठेवलंय."

"घेऊया की. चहा आण आदी."

चहा झाल्यावर सरांनी पुन्हा विचारलं, "कर भरलास नव्हं?" अण्णाप्पानं पुन्हा स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि तो मोटारीखाली जाऊन झोपला.

इथं दुसरा कुणी असता तर त्याला काही वाटलं नसतं. पण सरांचं शिक्षण आडवं आलं. परदेशी मोटारीवर आपल्याकडं मूळ किमतीपेक्षाही जास्त कर बसतो, हे ते त्याच आठवड्यात वर्गात शिकवत होते. तारा जोडणाऱ्या माणसाला मोटार परवडेल, कर परवडणार नाही. शिवाय ज्यानं कर भरला तो गप्प कशाला बसेल? कर भरलेला माणूस त्याबद्दल जन्मभर बोलतो. सरांनी दोन अधिक दोन केले, आणि उत्तर आलं चोरटी मोटार.

दिवस आणीबाणीचे होते. तस्करांना उचलून आत टाकत होते आणि बाहेर केव्हा काढणार हे कुणी सांगत नव्हतं. आणि सहा वर्षं हंगामी राहिलेल्या सरांना कायम करायचं की नाही, हे येत्या शनिवारी कॉलेजची समिती ठरवणार होती. प्राचार्य मारुतीराव त्यांना मुद्दाम बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाकी समदं जमलंय. तेवढा चारित्र्यावर शिंतोडा नको आठ दिवस. पुढचं पुढं."

मोटारीचा डॉक्टर म्हणून रवळू मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं, "काय बांधलीया" म्हणाला आणि बॉनेट बंद केलं.

"काय झालंय?" सरांनी विचारलं.

"पट्टा तुटलाय सर. हिच्या मापाचा पट्टा निपाणीत न्हाय, कोल्हापुरात न्हाय. मुंबईस्नं आणाय पायजे."

अण्णाप्पा बॅग घेऊन तसाच मुंबईच्या एसटीत बसला. मोटारीचे कागद त्या बॅगेत होते. गल्लीतल्या माणसांनी मोटार ढकलत सरांच्या घराशेजारच्या पत्रा घातलेल्या मांडवात नेऊन उभी केली.

मांडवाची एक भिंत शेजारच्या घराला लागून होती. त्या घरात धारवाडकडचे यल्लाप्पा साहेब राहत. ते चिकोडीला कामावर गेले होते आणि दुसऱ्या दिवशी परतणार होते. त्यांच्या दारावर पाटी होती: इन्स्पेक्टर, सेंट्रल एक्साइज अँड कस्टम्स. साहेब तंबाखूवरचा कर बघतात एवढंच सरांना माहीत होतं. तीन वर्षं त्या पाटीवरचा शेवटचा शब्द त्यांनी वाचलाच नव्हता. त्या दुपारी वाचला आणि ते उंबऱ्यावर बसले.

"का रं धर्मा, ताप आलाय काय?" गंगव्वानं विचारलं.

सरांनी आवाज खाली घेऊन सगळं सांगितलं. गंगव्वाला तुरुंगाचं कळलं, कराचं कळेना.

"एकच मोटार. तिकडं स्वस्त आणि हिकडं म्हाग. आसं कसं?"

"तिकडं मोटारीचे कारखानं न्हाईत आई. कुणाला सांभाळायचं न्हाय. तेल इकून सरकारचं भागतंय. म्हणून कर थोडका. आपल्याकडं कारखानं हाईत, त्येंच्या मोटारी खपाय पायजेत. भायेरची मोटार स्वस्तात आली तर हितली कोण घेणार? म्हणून भायेरचीवर कर चढवायचा."

गंगव्वा विचार करून म्हणाली, "म्हंजे सुनेची आमटी बेस झाली तर सासूनं तिच्यात मीठ टाकायचं."

आत शेवंताच्या हातून एक भांडं जरा जोरात खाली ठेवलं गेलं.

"तसंच न्हाय आई. परदेशी चलनाचा बी प्रश्न असतोय."

"आसू दे. मोटार झाकू आदी. पोती टाकू वर."

"कसली पोती?"

"आता निपाणीत कसली आसत्यात? तंबाकूची."

गंगव्वानं उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलं होतं. "पोत्यांमागं कोण बघतंय रं? वखारीत आमी बायका पोरं पोत्याआड निजवत हुतो. मुकादमाला कंदी कळलं न्हाय. त्यात एक तू हुतास."

सरांना हे पटलं. ते कसं पटलं हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. परका माणूस निपाणीच्या स्टँडवर उतरला की आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो. निपाणीकराला तो वास येत नाही. मांडवात लाकडं असावीत, पारावर म्हातारे असावेत, तशी घरात तंबाखूची पोती. त्यात बघण्यासारखं काय असतं? यल्लाप्पा साहेब तंबाखूचेच साहेब आहेत हे सरांना माहीत होतं. पण त्या घटकेला त्यांना ते फक्त मोटारीचे साहेब दिसत होते.

गंगव्वाच्या ओळखीचा भावकू नावाचा शेतकरी जवळच्याच खेड्यात होता. सर त्याच्याकडं गेले. चार दिवस पोती हवीत, म्हणाले. कशाला हवीत हे भावकूनं विचारलं नाही. भाडं विचारलं नाही. परत कधी देणार हेही विचारलं नाही. "आत्ताच घिऊन येतो की सर, तुमी कशाला तरास घेताय," म्हणत त्यानं वैरणीच्या गंजीमागून पोती ओढून काढली आणि बैलगाडी जुंपली. एवढं भलं माणूस सरांनी आजवर पाहिलं नव्हतं. तंबाखू गंजीमागं का ठेवली होती, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या माणसाला पडायला हवा होता. तो पडला नाही.

दिवस मावळायच्या आत आकाशी मोटारीचा तंबाखूचा ढीग झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी यल्लाप्पा साहेब परतले. फाटक वाजलं, आणि लगेच भिंतीपलीकडून एक शिंक आली. मग दुसरी. सर जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

थोड्या वेळानं अंगणाच्या भिंतीवरून साहेबांचा चेहरा उगवला. नाकाला रुमाल होता. "एन्री सर, ऊट आयतेन? जेवण झालं काय?"

"झालं साहेब. होतंय."

"काय वास म्हणायचा हा? मला तंबाखू सोसत न्हाय बघा. सरकारनं नेमकं निपाणीत टाकलं. आफिसात शिंकायचं ते शिंकायचं, घरात पण?"

सरांनी आईकडं बघितलं. गंगव्वा मात्र डगमगली नाही. "मिसरी भाजतोय सायेब. दात दुकत्यात माजं."

"हां, मिसरी काय," म्हणून चेहरा मावळला.

आता हे बोलून बसल्यावर मिसरी भाजणं भाग होतं. गंगव्वानं एका पोत्याला भोक पाडलं, चार मुठी तंबाखू काढली आणि तव्यावर टाकली. धूर भिंतीपलीकडं गेला. पलीकडं शिंकांची सरबत्ती झाली. संध्याकाळी साहेबांची बायको रिकामी डबी घेऊन भिंतीपाशी आली. "गंगव्वा आई, वास लई चलो, लई चांगला आला री. मला पण स्वल्प द्या की." तिला मिसरीची सवय होती. गंगव्वानं डबी भरून दिली.

असं रोज चाललं. वासाला कारण हवं म्हणून मिसरी, आणि मिसरीचा वास आला की साहेबांच्या घरातली डबी. पण साहेब सकाळी शिंकत, आणि सकाळी गंगव्वा मिसरी भाजत नसे. ही गोष्ट सरांच्या ध्यानात आली तेव्हा त्यांची झोप गेली. प्रत्येक शिंकेला ते घड्याळ बघू लागले. शिंक सहाला आली की चूल पेटवलेली नाही. शिंक अकराला आली की साहेब आज कचेरीत का गेले नाहीत. शेवंता म्हणाली, "अवो, त्या घड्याळाला नजर लागंल तुमची. किती बघताय?"

वर्गात त्यांनी आयात कराचं प्रकरण मध्येच सोडलं आणि ग्रामीण पतपुरवठा सुरू केला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, परदेशी मोटारीचं ऱ्हायलं की. तिकडं स्वस्त आणि हिकडं—"

"परीक्षेला येत नाही ते," सर म्हणाले आणि फळा पुसू लागले. फळा आधीच कोरा होता.

शुक्रवारी दुपारी यल्लाप्पा साहेब आले. या वेळी भिंतीवरून नाही, दारातून. अंगात युनिफॉर्म होता आणि मागं कचेरीतला शिपाई शामू होता.

"सर, तुमचा मांडव स्वल्प बघू काय?"

सरांनी उभ्या उभ्या दाराची चौकट धरली. समितीची बैठक उद्या. कायमचा कागद उद्या. आणि साहेब आज. त्यांना मोटारीचं कुणी काही विचारलं नव्हतं, पण त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"साहेब, मोटार माझी न्हाय. मेहुण्याची हाय. मेहुणा बी तसा लांबचा."

"सख्खा हाय माजा," आतून शेवंता म्हणाली.

साहेबांना काही कळेना. "याव मोटार री? कुठली मोटार?"

"तीच. पोत्यांखालची."

"आणि पोती कुणाची?"

"पोती व्हय? ती भावकूची. पोत्यांचं काय न्हाय साहेब, पोती साधीच हाईत."

यल्लाप्पा साहेब शिंकले. रुमाल घडी करून त्यांनी खिशात ठेवला. "सर, मी पोत्यांसाठीच आलोय. भावकूच्या रानात पीक दिसलं एवढं, आणि आमच्याकडं नोंदवलं त्याच्या निम्मं. बाकीची तंबाखू गेली कुठं म्हणून चार दिवस गाव हुडकतोय. आणि नाक म्हणतंय, घरीच हाय, घरीच हाय."

शामूनं पोती ओढायला सुरुवात केली. एकेक पोतं खाली येत गेलं तसतसं आकाशी छप्पर उघडं पडलं, काच उघडी पडली, शेवटी अख्खी मोटार उघडी पडली. साहेब तिच्याभोवती एक फेरी मारून आले. डावीकडचं चाक बघून त्यांनी टोपी काढली.

"ही भायेरची. हिचे कागद?"

तुरुंगात गंगव्वाला भेटायला येता येईल का, आणि ती येताना ते ब्लँकेट आणेल का, एवढंच सरांच्या मनात आलं. आणि नेमका तेव्हाच दारात टांगा थांबला. काखेत बॅग आणि गळ्यात हाराएवढा काळा रबरी पट्टा अडकवलेला अण्णाप्पा खाली उतरला.

युनिफॉर्म बघूनही त्याला काही वाटलं नाही. "कागद व्हय? हे घ्या की," म्हणून त्यानं बॅगेतून पुडकं काढलं. साहेब वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

"पूर्ण भरलाय तुम्ही कर? पूर्ण?"

"हळू सायेब," अण्णाप्पा स्वयंपाकघराकडं बघत कुजबुजला.

पण सरकारी माणसाला कौतुक हळू करता येत नाही. "गाडीची किंमत एवढी, आणि त्यावर कर दीडपट," साहेब खणखणीत आवाजात म्हणाले. "रोख. पावती हाय. माझ्या सर्व्हिसमध्ये असा माणूस पहिलाच. शामू, यांना बसायला काहीतरी आण."

शेवंता बाहेर आली. तिच्या हातात उलथणं होतं. "म्हंजे एक मोटार घेतलास आणि दीड मोटार सरकारला दिलास?"

"तिथं घेताना कुणी सांगितलं न्हाय आक्का. मुंबईत उतरल्यावर कळलं. परत न्यायला बी पैसं पडत्यात."

"आणि खडेबाजारातला गाळा?"

अण्णाप्पानं मोटारीवर हात ठेवला. "ह्योच. ह्यातच बसून आलो मुंबईपासनं."

सर पुढं झाले. "अरं मग मला का न्हाय सांगितलंस? दोनदा विचारलं तुला."

"कसं सांगू दाजी? चोरून आणली म्हटलं तर लोक शाबास म्हणतील. कर भरला म्हटलं तर येडा म्हणतील."

साहेब आता सरांकडं वळले. अण्णाप्पाला बसायला पाट मिळाला होता. सर उभेच होते. "सर, कर भरलेली मोटार तुम्ही चोरासारखी लपवली, आणि चोरटी तंबाखू राजरोस वर ठेवली. इकनॉमिक्सच शिकवता नव्हं?"

सरांनी मान हलवली. हो म्हणायला हलवली की नाही म्हणायला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. साहेबांनी शामूकडून कागद घेतला, मोटारीच्या बॉनेटवर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. "पंचनामा करतो. माल कुणाच्या जागेत सापडला? तुमचं पूर्ण नाव सांगा."

उद्याची समिती सरांच्या डोळ्यांसमोर आली. मधोमध मारुतीराव, आणि त्यांच्या तोंडी एकच शब्द, शिंतोडा.

ब्लँकेट सावरत गंगव्वा पुढं आली. "लिवा सायेब, समदं लिवा. ह्याच पोत्यातली तंबाकू काढून चार दिस मिसरी भाजलीया मी. माज्या डबीतली लिवा. आणि तुमच्या बाईसायेबांच्या डबीतली बी लिवा. ती बी ह्यातलीच."

पेन थांबलं. भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. साहेबांनी दोन शिंका दिल्या आणि तो कोरा कागद घडी करून खिशात घातला.

"भावकूनं आज संध्याकाळच्या आत ही तंबाखू स्वतः वखारीत आणून नोंदवायची. दंड त्यानं भरायचा. तुमच्या मांडवात मी मोटार बघितली. दुसरं काय बघितलं न्हाय. शामू, तू बघितलास?"

"न्हाई री," शामू म्हणाला.

भावकू गाडी घेऊन आला. पोती गेली. रवळू मिस्त्री येऊन पट्टा बसवू लागला. सरांच्या अंगात पाच दिवसांनी पुन्हा रक्त फिरू लागलं. अण्णाप्पाशेजारी उभं राहून, मनगटावरचं घड्याळ गोंजारत त्यांनी मोकळ्या मनानं विचारलं, "आणि काय रं, ह्या घड्याळाला कर किती पडला?"

"घड्याळाला? ते सॉक्समधनं आलंया."

"काय?"

"मोटार सॉक्समधी मावंना, म्हणून तिचा भरला," अण्णाप्पा म्हणाला आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं.

यल्लाप्पा साहेब फाटकातून बाहेर पडत होते. ते वळले. "सर, टाइम एष्टु? किती वाजले?"

सरांचा हात पाठीमागं गेला. "ठाऊक न्हाय साहेब."

"हातात घड्याळ हाय की."

"बंद पडलंय."

साहेबांनी त्यांच्या पाठीमागच्या हाताकडं पाहिलं आणि ते आपल्या घरात गेले. सर धावत स्वयंपाकघरात शिरले. घड्याळ काढलं. डाळीचा डबा बघितला, पिठाचा बघितला, तिखटाचा बघितला. तेवढ्यात कोनाड्यात मिसरीचा डबा दिसला. तंबाखूत कोण बघतंय? त्यांनी घड्याळ आत खोल दाबलं, वर मिसरी सारखी केली आणि परसात जाऊन डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेतलं.

पाणी निथळत ते मांडवाशी आले, तेव्हा भिंतीवरून साहेबांच्या बायकोचा हात पलीकडं जाताना दिसला. गंगव्वा हात झटकत वळत होती.

"काय दिलंस आई?"

"मिसरी. सायेबांनी तिची डबी मोरीत वतली म्हणं. रडत हुती गरीब. म्हटलं बाई, डबाच ने. आता आपल्यात तरी कुठं ठिवायची."

सर भिंतीला कान लावून उभे राहिले. चार दिवस ज्या शिंकेनं त्यांची झोप उडवली होती, तिची ते आता देवाचं नाव घेतल्यासारखी वाट बघत होते. शिंक आली की साहेब डब्यापासून लांब जातील. शिंक आली नाही. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. बाई काहीतरी कानडीत बोलल्या.

शेवटी पलीकडून यल्लाप्पा साहेबांचा शांत आवाज आला.

"सर, बंद कुठं पडलंय री? सव्वासहा झाले."